पाचवा रविवार

प्रशिक्षण छावणी, हार्लन सिटी, ओहायो
१६ जुलै १९९१

प्रिय आत्या,

सुखरूप पोचलो. डावा गुडघा अजून वाटेत असावा, बहुतेक उद्याच्या बसनं येईल.

सातवा हंगाम. सहा वर्षांत मी एकूण एकतीस चेंडू झेलले. हिशेब करू नकोस, मी केलाय, मनाला लागतो. व्यवसाय विचारला तर मी 'फुटबॉलमध्ये रिसीव्हर' असं सांगतो, म्हणजे चेंडू झेलणारा. खरं काम वेगळंच आहे. जीव खाऊन एका बाजूला पळायचं, म्हणजे समोरचा बचाववाला माझ्यामागे येतो आणि चेंडू दुसरीकडे दुसऱ्याला मिळतो. मला अडवायला धावणारी माणसं बघितली की वाटतं, बाबांनो, माझ्याकडे काही नाहीये, उगाच दमू नका.

तरी पळतो व्यवस्थित. आमचे प्रशिक्षक काल सगळ्यांसमोर म्हणाले, "पीबल्ससारखं मोजून मापून कुणी पळत नाही. या खेळात चेंडूही असतो, तेवढंच वाईट." सगळे हसले. मीच सगळ्यात जोरात हसलो. सात पावलं, डावा पाय रोवायचा, वळायचं. त्यांना वाटतं मी हे विद्यापीठात शिकलो. न्यू होप चर्चच्या मधल्या वाटेवर, पांढरे हातमोजे घालून, दानाची थाळी धरून, तुझ्या नजरेखाली शिकलो, हे त्यांना कोण सांगणार?

खोलीत माझ्याबरोबर ट्रॅव्हिस नावाचा पोरगा आहे. वय बावीस. पळतो असा, की त्याची सावली मागून धापा टाकत येते. ऑगस्टमध्ये इथं सकाळी दारं वाजतात. एक मदतनीस येतो आणि एवढंच म्हणतो, "साहेबांनी बोलावलंय. डावांची वही घेऊन ये." वही परत मागितली की संघातून काढलं असं समजायचं. तो माणूस दुपारच्या जेवणाला दिसत नाही, आणि टेबलावर त्याचं नावही कुणी काढत नाही. सहा वर्षं माझं दार वाजलेलं नाही. यंदाही वाजणार नाही. मी फक्त तुला सांगून ठेवतोय.

तुझा,
स्किलेट


टिलरी, मिसिसिपी
२४ जुलै १९९१

बाळा स्किलेट,

तू पाच वर्षांचा असताना माझा बिडाचा स्किलेट माझ्याच पायावर पाडलास, तेव्हापासून तुझं हे नाव. ती करंगळी अजून वाकडी आहे. ज्याच्या हातून तवा सुटला त्याला पुढे झेलण्याच्या कामासाठी नोकरीवर ठेवलं, तेव्हाच मी ओळखलं होतं की उत्तरेकडच्या लोकांना माणसं पारखता येत नाहीत.

इथं सगळं ठीक. गावाच्या वेशीवरची तुझ्या नावाची पाटी, 'लेमुएल पीबल्स, क्रमांक 86, यांचं गाव', तिच्यातल्या 8 ची डावी बाजू उडालीय. आता तो 3 सारखा दिसतो. परवा एकानं मला विचारलं, हे छत्तीस नंबरवाले कोण?

नवे पाळकसाहेब थॅक्स्टन आले आहेत. एकतीस वर्षांचे. प्रवचन करताना इकडून तिकडे फिरतात, मान दुखते. मला म्हणाले, "सिस्टर पीबल्स, तुम्ही थोडा वेळ बसत जा ना." मी म्हटलं, साहेब, मी या चर्चच्या दारावर, लोकांना जागा दाखवत, एकेचाळीस वर्षं उभी आहे. प्यालेले आले, भांडायला आले, नवऱ्याला शोधत आले, सगळ्यांना मी हात मागे बांधून, तोंडातून शब्द न काढता जागेवर बसवलं. मी बसले तर त्यांना कोण बसवणार?

शाळेचे हॉब्ज सर भेटले होते. मुलांना झेलायला शिकवणारं कुणी हवंय म्हणत होते. मी सांगितलं, आमचा लेमुएल मोकळा नाही.

फोन करू नकोस. माझा उजवा कान गेलाय आणि डाव्याला तुझं पुटपुटणं कळत नाही. लिहीत जा.

तुझी आत्या,
अर्लीन


४१२, क्ले स्ट्रीट, वरचा मजला, हार्लन सिटी
२८ ऑगस्ट १९९१

प्रिय आत्या,

पत्ता बदललाय, लिहून घे. छावणी संपली, शहरात खोली घेतली. खाली बेकरी आहे, त्यामुळे कपड्यांना पावाचा वास येतो. लोक मला बघून भुकेले होतात.

सोमवारी सकाळी दार वाजलं. ट्रॅव्हिससाठी. बिचारा न्हाणीघरात जाऊन लपला. शॉवर सुरू केला आणि अंगावर कपडे तसेच ठेवून आत उभा राहिला. त्याला वाटलं, दार वाजवणारा कंटाळून जाईल, आणि साहेबांनी यादी दुसऱ्या कुणाच्या नावानं भरली असेल. मदतनीस शांतपणे पलंगावर बसला. वीस मिनिटांनी गरम पाणी संपलं, तेव्हा हा ओलाचिंब बाहेर आला. मदतनीसानं त्याला टॉवेल दिला आणि वही मागितली. वहीसुद्धा भिजली होती, ती त्यानं छातीशी धरली होती ना.

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं इमानानं पळला, गुडघ्यांची वाट लावून घेतली, आणि शेवटी टॉवेल.

मी मजेत आहे. पुढच्या रविवारपासून सामने.

तुझा,
स्किलेट


टिलरी
९ सप्टेंबर १९९१

बाळा,

ट्रॅव्हिसचं ऐकून जीव हळहळला. जुलैत बावीस वर्षांचा होता आणि ऑगस्टमध्ये त्याचे गुडघे गेले. उत्तरेची हवा बाधते म्हणतात ते खरंच.

ऑडी मॅकरेनं त्याच्या केशकर्तनालयाच्या मागे आकाशातली चित्रं पकडणारी भलीमोठी तबकडी बसवली आहे. तुमचे सामने दिसतात. पण वारा आला की तबकडी हलते आणि सगळी माणसं मुंग्यांसारखी होतात, तुझा नंबर काही नीट दिसत नाही. ऑडी म्हणतो, तबकडी ठीक आहे. पण ऑडी चर्चला येत नाही, त्याचं किती ऐकायचं?

मी दर रविवारी दारावर आहेच. नवे हातमोजे शिवले. तू नीट जेव. बेकरीतला पाव म्हणजे जेवण नव्हे.

आत्या


क्ले स्ट्रीट
३० सप्टेंबर १९९१

प्रिय आत्या,

कालचा सामना म्हणजे काय सांगू! पाऊस, चिखल, हेल्मेटमध्ये पाणी. माझ्यासमोर आडमाप धिप्पाड बचाववाला होता, त्याला मी चार वेळा अडवलं. तीन वेळा तो माझ्या अंगावरून गेला, पण चौथ्या वेळी त्याला वळसा घालावा लागला. प्रशिक्षकांनी पाठ थोपटली. चेंडू काही आला नाही. मी तुला टीव्हीवर दिसलो नसेन, कारण कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि मी सहसा जिथं चेंडू नाही तिथं असतो.

गुडघा छान आहे. मी छान आहे. सगळंच छान आहे.

स्किलेट


टिलरी
३० सप्टेंबर १९९१

बाळा,

काल चर्च खच्चून भरलं होतं. तीन तास दारावर उभी होते, एक क्षण टेकले नाही. सगळे म्हणत होते, सिस्टर पीबल्स, तुमच्यासारखं उभं राहणं कुणाला जमणार नाही. तुझा कालचा दिवस कसा गेला ते कळव.

आत्या


टिलरी
६ ऑक्टोबर १९९१

लेमुएल,

माझं पत्र वाटेत असतानाच तुझं पावसाचं पत्र येऊन पोचलं. चारदा वाचलं. चांगलं लिहिलंयस. तो हेल्मेटमधल्या पाण्याचा भाग मला विशेष आवडला.

फक्त एवढंच, की त्या रविवारी तुमच्या संघाचा सामनाच नव्हता. प्रत्येक संघाला हंगामात एक रविवार सुट्टी मिळते आणि तुमची ती होती. मला काय माहीत! बारा वाजता ऑडीच्या खुर्चीत बसून मी वाट बघतेय, तर वेगळेच दोन संघ. ऑडी म्हणाला, मावशी, आज तुमच्या पोराला सुट्टी. मी म्हटलं, चला, आज तरी बिचारा विश्रांती घेईल. आणि तू चिखलात चार वेळा अडवत होतास.

तबकडी कधीच हलत नव्हती, लेमुएल. पहिल्या रविवारपासून स्वच्छ दिसतंय. ८६ नंबर घालून एक उंच, भुऱ्या केसांचा गोरा मुलगा पळतो. तू उत्तरेला गेलास हे मला माहीत आहे, पण इतका उत्तरेला?

न्हाणीघरात कोण होतं, ते मी विचारत नाही. मला कधीच कळलंय. तू मला सांगितलं नाहीस, याचं मात्र फार वाईट वाटलं.

अर्लीन


क्ले स्ट्रीट
१२ ऑक्टोबर १९९१

प्रिय आत्या,

मीच होतो. कपडे घालून शॉवरखाली, तीस वर्षांचा घोडा. टॉवेल अजून माझ्याकडे आहे, परत करायचा राहिला. ट्रॅव्हिस संघात आहे आणि उत्तम खेळतोय. त्याच्या गुडघ्यांची मी मनापासून माफी मागतो.

पहाटे बेकरीत पावाचे ट्रे गाडीत चढवतो. दुपारी शाळेच्या रिकाम्या मैदानावर सात पावलं मोजत पळतो. मग खोलीत येऊन फोनजवळ बसतो. हंगामात कुणी जखमी झालं तर संघ जुन्या माणसाला बोलावतो. म्हणजे आत्या, मी रोज दुसऱ्या कुणाचा तरी घोटा मोडायची वाट बघत बसतो. असली प्रार्थना तू मला शिकवली नव्हतीस. माझी मलाच लाज वाटते, आणि तरी मी फोनजवळून उठत नाही.

तुला का सांगितलं नाही? गावात माझ्या नावाची पाटी आहे. आठाचा तीन झाला तरी आहे ना. काढून टाकलेल्या माणसानं त्या पाटीखालून आत कसं यायचं, हे मला कळत नाही. आणि सगळ्यात जास्त भीती होती ती तुझा चेहरा पडण्याची. तो मला बघवला नसता, म्हणून पाऊस पाडला.

आता एक विचारू? रागावू नकोस.

तो २९ सप्टेंबर होता. महिन्यातला पाचवा रविवार. न्यू होपमध्ये पाचवा रविवार मुलांचा असतो. त्या दिवशी दारावर मुलं उभी राहतात आणि मोठ्यांनी हातमोजेसुद्धा घालायचे नसतात. हा नियम तूच केलास, मी आठ वर्षं त्या रांगेत होतो. मग तू तीन तास कुठल्या दारावर उभी होतीस? आणि उपासना दीडच्या आत कधी सुटत नाही. बारा वाजता तू ऑडीच्या खुर्चीत कशी?

मीही विचारत नाही. पण मलाही कळलंय.

स्किलेट


टिलरी
२० ऑक्टोबर १९९१

माझ्या बाळा,

पत्र वाचून आधी संतापले, मग इतकी हसले की ऑडीनं वस्तरा थांबवला. एकाच रविवारी दोघं खोटं बोललो आणि दोघांनीही नेमका सुट्टीचा दिवस निवडला. आपल्या घराण्यात खोटं बोलायचं अंगच नाही.

ऐक तर. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी सिस्टर बर्डसाँग उशिरा आल्या. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत मला रिकामी जागा दिसली. मी त्यांना अगदी नियमाप्रमाणे, सात पावलं, वळून, हात दाखवून तिथं बसवलं. ती जागा रिकामी नव्हती. तिथं चर्चचे कारभारी, डीकन प्रुइट बसले होते, तपकिरी कोट घालून, बाकाच्याच रंगाचा. सिस्टर बर्डसाँग त्यांच्या मांडीवर बसल्या. त्या अवजड बाई, आणि डीकन म्हणजे हाडं. ते ओरडले. वाजंत्रीवाल्याला वाटलं, अंगात पवित्र आत्मा आला, त्यानं ढोल वाजवायला सुरुवात केली. अर्धं चर्च नाचायला लागलं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला लाकडी मानपत्र दिलं. त्यावर 'सन्माननीय' असं लिहिलंय. केकही होता. केक चांगला होता, मी दोन तुकडे खाल्ले. मग माझी एकेचाळीस वर्षांची जागा दुसरीला दिली. तुझी भिजलेली वही घेतली, माझे हातमोजे घेतले, एवढाच फरक.

तेव्हापासून मी चर्चला गेलेले नाही. रविवारी टोपी घालून निघते, लोकांना वाटतं चर्चला चालली, आणि मागच्या गल्लीनं ऑडीकडे जाते. देवावर माझा राग नाही. पण मला तिथं बसता येत नाही, लेमुएल. सगळ्यांच्या जागा मला पाठ आहेत. माझी कुठली, तेच माहीत नाही. उभं राहायचं नाही तर मी तिथं कोण?

तुझा चेहरा पडायचा म्हणून मीही सांगितलं नाही.

हॉब्ज सरांना अजून माणूस मिळालेला नाही. मी तुला बोलावत नाही. फक्त सांगतेय.

आत्या


क्ले स्ट्रीट
१० डिसेंबर १९९१

प्रिय आत्या,

फोन आला. गेल्या मंगळवारी, मी पावाचा ट्रे उतरवत असताना. एका आठवड्यात संघातल्या दोघांचे घोटे मोडले. दोघांच्या घरी मी पाव पाठवलाय, आणखी काय करणार?

८६ त्या भुऱ्याकडे आहे, म्हणून मला १९ मिळाला. रविवारी तिसऱ्या सत्रापर्यंत मी नेहमीसारखा चेंडू नसलेल्या जागी होतो. शेवटच्या सत्रात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकनं माझ्याकडे बघितलं. मी आधी मागे वळून बघितलं, की तो कुणाकडे बघतोय. सात पावलं. पाय रोवला. वळलो, तर चेंडू आलेलाच. आत्या, इतका सुंदर चेंडू मला आयुष्यात कुणी टाकला नव्हता. ओंजळीत फळ ठेवावं तसा आला.

मी सोडला.

आम्ही तसेही सतरा गुणांनी मागे होतो, त्यामुळे माझ्या सोडण्यानं काहीच बिघडलं नाही. माझी सगळी कारकीर्द या एका वाक्यात बसते. सत्तर हजार लोक एकदम माझ्याबद्दल बोलले. असा मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

आज सकाळी पुन्हा काढलं. या वेळी मी लपलो नाही. दार वाजायच्या आतच कोरडी वही घेऊन साहेबांकडे गेलो आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. मदतनीस म्हणाला, "टॉवेल?" मी म्हटलं, एक आहे माझ्याकडे. बाहेर बेकरीच्या गाडीत बसून मात्र खूप रडलो.

फोन आता भिंतीतून काढून ठेवलाय. घरी यायचं मनात आहे. पण ऑडीच्या दुकानात सगळ्यांनी बघितलं असणार ना?

स्किलेट


टिलरी
१५ डिसेंबर १९९१

बाळा,

बघितलं तर! बावीस माणसं होती. टीव्हीवाल्यानं तुझं नाव दोनदा घेतलं, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. दुकान उठून उभं राहिलं. ऑडीच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनिशी उभा राहिला. तुझ्या हातून चेंडू सुटला, तेव्हा सगळे मटकन खाली बसले. मग ऑडी म्हणाला, "पण पोरगा सुटला कसला बघितलंत का? बचाववाला अजून तिकडेच शोधतोय." आणि बावीसच्या बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. पाटीवर आता आठ नीट रंगवायचा की एकोणीस लिहायचे, यावर दुकानात भांडण चालू आहे. काढून टाकायचं मात्र कुणाच्याही तोंडून आलं नाही.

चेंडू का सुटला, ते मी सांगते. चेंडू हातात यायच्या आधी तू पुढं कुठं पळायचं ते बघितलंस. लहानपणी दानाची थाळी घेताना हेच करायचास. किती वेळा सांगितलं होतं, थाळी दोन्ही हातांत आल्याशिवाय पुढच्या रांगेकडे बघायचं नाही! मी ऑडीच्या खुर्चीतून ओरडलेसुद्धा. तुला ऐकू गेलं नाही.

हे मुलांना शिकवायला कुणीतरी हवं. हॉब्ज सरांकडच्या, आणि चर्चमधल्याही. या महिन्याची २९ तारीख पाचवा रविवार आहे. दारावरच्या मुलांच्या पुढं उभं राहणारं कुणी नाही, तेवढ्यापुरता मोठ्यांचा नियम मी मोडलाय. मी पाळकसाहेबांना सांगून आले, लेमुएल येतोय.

हो, चर्चमध्ये जाऊन सांगितलं. दारापर्यंत गेले. आत नाही गेले.

त्या दिवशी मी आत येणार आहे. पण पाहुण्यासारखी, दारातून, टोपी घालून. मला कुणीतरी जागेवर बसवावं लागेल. ज्याला सात पावलं मोजता येत नाहीत, त्याच्या हातून मी बसणार नाही. या वेळी मी बोलावतेय, बाळा. ये.

आत्या


क्ले स्ट्रीट
१९ डिसेंबर १९९१

प्रिय आत्या,

येतोय. २७ तारखेच्या, शुक्रवारच्या बसनं निघतो, शनिवारी सकाळी टिलरीत. हॉब्ज सरांना सांग, माणूस मोकळा आहे, फारच मोकळा आहे. माझ्या मापाचे हातमोजे शिवून ठेव, मुलांचे मला अंगठ्यालाही येणार नाहीत.

एक अडचण आहे. दोन दिवस विचार करतोय. कोण कुठं बसतं, हे तुझ्यामुळे मला अजून पाठ आहे. बर्डसाँग तिसऱ्या रांगेत, प्रुइट तपकिरी कोटात, रडणाऱ्या बायका डावीकडे पंख्याखाली. पण इतक्या वर्षांत तुला मी चर्चमध्ये बसलेलं एकदाही बघितलेलं नाही. तुला कुठं बसायला आवडतं, मला माहीत नाही. कुठं बसवू?

तुझा,
लेमुएल


टिलरी
२३ डिसेंबर १९९१

बाळा,

मलाही माहीत नाही. काल दिवसभर याचाच विचार केला.

शनिवारी सकाळी चर्च रिकामं असतं. किल्ली अजून माझ्याकडेच आहे, परत मागायची कुणाची हिंमत झाली नाही. तू बसमधून उतरलास की आधी तिथंच जाऊ आणि एकेका जागी बसून बघू, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. डीकनसाहेब घरी असतील, तेव्हा चूक व्हायची भीती नाही.

मला आता नीट दिसत नाही, माझा हात धर. घट्ट धर.

आत्या